वापरलेला मामा

प्रणालीच्या लग्नासाठी मी मोबाईलवरच्या लिलावात एक वापरलेला मामा घेतला, आणि तो फोटोपेक्षा बुटका निघाला.

आधी मामा का लागला ते सांगते. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी भटजी पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा मुलीचा हात धरून तिला मंडपात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मला भाऊ नाही. एक चुलतभाऊ होता, पण माझ्या आईच्या तेराव्याला त्यानं पानावर बसून आमटीला नावं ठेवली, तेव्हापासून तो मला नाही. आणि नवा भाऊ मिळत नाही. माझे आईवडील दोघंही गेले, नव्यासाठी कुणाला सांगणार? म्हणून वापरलेला.

मुलाची आई, म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाई घोरपडे, यांनी सुपारी फुटली त्याच दिवशी बजावलं होतं. मुलीच्या पाठीशी मामा नसेल तर आमच्याकडे अक्षता पडत नाहीत. त्या बोलल्या म्हणजे बोलल्या. लेकीचं लग्न मामापाशी अडलं होतं.

लिलावात मामा कमीच येतात. काका पोत्यानं मिळतात, आत्या तर कोणी उचलत नाही. मामा निघाला की लोक तुटून पडतात. मला सापडला तो तासगावचा. खाली लिहिलं होतं: मामा, नाव मुरलीधर. वय साठीच्या आत. उंची चांगली. चार भाच्यांची लग्नं लावलेला, चौघीही सुखात. रुसत नाही. शेवटची भाची उजवल्यामुळे देणे आहे. विकणारी त्याची सख्खी बहीण, बेबीताई माळी. फोटोत मामा फेटा बांधून ताठ उभा होता, मिशा होत्या, डोळ्यांत पाणी होतं. मला तो आवडला.

आमचं फलटणला मिरची कांडप आहे. मी गिऱ्हाइकाच्या मिरच्या डंक्याखाली लोटत होते आणि दुसऱ्या हातानं बोली वाढवत होते. लातूरची कोणीतरी बाई मागं हटेना. मी तिखटाच्या बोटानंच मोबाईल दाबत राहिले. शेवटी तिनं सोडलं. आमच्या यांनी विचारलं, किती वर गेलीस? मी म्हटलं, मामा सख्खाच आहे, फक्त आपला नाही.

टेंपोनं खोकं आलं. खोक्यावर ‘हा भाग वर’ असं लिहिलं होतं आणि त्यांनी ते आडवं आणलं. उघडलं तर आत मुरलीधरमामा पत्र्याच्या पेटीवर बसलेले. अंगात राखाडी सफारी. बाहेर येऊन उभे राहिले तर माझ्या कानापर्यंत आले. मिशा नाहीत. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मी फोटो शेजारी धरून बघितला. नीट बघितल्यावर कळलं, फोटोत ते चौरंगावर उभे होते.

हे सगळं मी सोसलं. किलोभर वांगी घेतली तर एखादं किडकं येतंच. पण ‘रुसत नाही’ हे धडधडीत खोटं निघालं.

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला आणि न पिता खाली ठेवला. चहा दिला, त्यावर साय धरली. आमच्या यांनी विचारलं, काय झालं पाहुणं? ते म्हणाले, काही नाही. असं मान फिरवून ‘काही नाही’ म्हणणारा माणूस रुसलेला असतो, हे कळायला शाळा लागत नाही. मी चौथी शिकले, मला कळलं. कारण शेवटी प्रणालीनं काढून घेतलं. प्रवास कसा झाला, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी कंपनीला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली. मी सांगितलं, माल वर्णनाप्रमाणे नाही, रुसलेला आला आहे. ती म्हणाली, मॅडम, रुसव्याचा फोटो पाठवा. मी फोटो काढून पाठवला. तिनं कळवलं की फोटोत मामा आणि रुसलेला मामा सारखेच दिसतात, तरी व्हिडिओ पाठवावा. व्हिडिओ काढायला मी मोबाईल धरला, तशी मामांनी केसांवरून हात फिरवला, सफारीची कॉलर सारखी केली आणि तोंड थोडं डावीकडं वळवून हसले. चार लग्नांचे अल्बम काढलेला माणूस. कॅमेरा समोर आला की त्यांचं तोंड आपोआप तसं होई. मोबाईल खाली केला की पुन्हा रुसत. कंपनीनं उत्तर पाठवलं, वस्तू समाधानी दिसते, तक्रार बंद करण्यात येत आहे.

मग मी बेबीताईंना फोन केला. त्या काही बावरल्या नाहीत. म्हणाल्या, पाठवला तेव्हा नव्हता रुसलेला, गाडीत रुसला असेल तर गाडीवाल्याला विचारा. मी म्हटलं, बाई, तुम्ही लिहिलंय काय आणि पाठवलंय काय?

“तुमच्यावर रुसला का तुमच्या नवऱ्यावर?” त्यांनी विचारलं.

“माझ्यावर.”

“मग बरोबर आहे. परक्यावर तो उभ्या जन्मात रुसला नाही, म्हणून तसं लिहिलं. तो फक्त बहिणीवर रुसतो. आम्ही लहानाचे मोठे झालो तशी त्याची समजूतच काढतेय मी. आता माझ्यानं होत नाही हो, म्हणून दिला.”

मी फोन ठेवला. समजूत काढणं माझ्या अंगात नाही. मी नवऱ्याची कधी काढली नाही, गिऱ्हाइकाची काढली नाही. मिरची बारीक हवी तर थांबा, नाहीतर पोतं उचला, असं माझं काम. आणि विकत आणलेल्या मालाची समजूत काढायची, हे मला मान्य नव्हतं.

मी दुसरी तक्रार टाकली, उंचीची. ती त्यांनी लगेच घेतली, कारण उंची मोजता येते. त्यांनी सांगितलं तसं मामांना भिंतीला टेकवून, चप्पल काढायला लावून, टेप लावून फोटो पाठवला. परतीचा अर्ज मंजूर झाला. आता माल न्यायला माणूस येणार तो नेमका लग्नाच्या दिवशी. गोड मुलगी म्हणाली, मॅडम, तारीख बदलता येत नाही, वेळ सांगा. मी म्हटलं, जेवणावळी उठल्यावर पाठवा. म्हणजे लग्नही लागेल आणि मामाही जाईल. पत्ता मंगल कार्यालयाचा दिला. हे मी घरात कुणाला बोलले नाही.

तोवर मामा घरात होते. मी त्यांना अहो-जाहो करत होते, जसं आपण भाड्यानं आणलेलं भांडं जपून धरतो तसं. ते माझ्यावर रुसत, आणि प्रणालीशी मात्र बोलत. डंक्याच्या आवाजात त्यांचा डावा कान काय आणि उजवा काय, सगळं सारखंच, त्यामुळं तिथं त्यांना बरं वाटे. शिंका देत देत ते तिला मंडपात कसं चालायचं ते शिकवत. मुंडावळ्या डोळ्यांवर येतात, शालू पायात येतो, समोरचं काही दिसत नाही. पहिल्या भाचीनं समोर बघितलं आणि समईला धडकली. म्हणून खाली बघायचं, माझ्या पायाच्या अंगठ्याकडं. अंगठा थांबला की थांबायचं. प्रणाली दोन पोत्यांच्या मधून त्यांचा अंगठा बघत येई-जाई. एकदा मला म्हणाली, आई, हा मामा चांगला मिळाला गं. मी म्हटलं, मिरच्या निवड.

विहीणबाई बस्त्याच्या निमित्तानं आल्या आणि दारातूनच मामांना बघून गेल्या. घरात त्या कधी येत नसत, मिरचीचा खाट सोसत नाही म्हणून. त्यांनी मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याला फार वेळ लागला नाही. मग म्हणाल्या, वापरलेला आहे हे आम्ही चालवून घेऊ. पण आमचा उत्तम बघाल तुम्ही. सहा फूट. सख्खा. एका घरातून दुसऱ्या घरात कधी गेलेला नाही. उत्तमराव म्हणजे त्यांचा भाऊ, नवऱ्यामुलाचा मामा. जाताजाता पुन्हा बजावून गेल्या, मामा आयत्या वेळी मंडपात दिसला नाही तर आम्ही वऱ्हाड तसंच मागं फिरवू. प्रणाली आत उभी होती. तिनं ऐकलं. तिनं दिवसभर काही खाल्लं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या दाराशी उत्तमराव खुर्ची टाकून बसले होते, तोंड रस्त्याकडं करून. खरोखरच सहा फूट. त्यांना गुलाबी फेटा बांधला होता आणि मुलाच्या बापाला केशरी, म्हणून ते रुसले होते. विहीणबाईंना त्याचं काही नव्हतं. सख्खा आहे, रुसणारच, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होत्या. समजूत काढायला मात्र कुणी जात नव्हतं, ज्याला त्याला वाटत होतं दुसरा कुणीतरी जाईल.

आणि माझा मामा मागच्या खोलीत बसला होता. माझा मोबाईल मी त्यांच्याकडं सांभाळायला दिला होता, कारण मला साडीला खिसा नाही. त्यावर कंपनीचा निरोप आला: आज आपली वस्तू परत नेण्यात येईल, कृपया मूळ खोक्यात भरून ठेवावी. मामांनी तो वाचला. सफारी उतरवून घडी केली, पेटीत ठेवली, पेटीतला मळका सदरा काढून घातला आणि पेटीवर बसले.

बाहेर भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. प्रणाली मुंडावळ्या बांधून खोलीच्या दारात उभी होती, मान खाली घालून, अंगठा कुठं दिसतो का बघत.

मी आत गेले. म्हटलं, “अहो मामा, चला. भटजी पुकारतायत.”

“वस्तूला कोणी पुकारत नाही,” ते म्हणाले. “वस्तू खोक्यात भरतात. खोकं आणलंय का?”

मी म्हटलं, ते सगळं मागनं बघू, आधी उठा. ते उठेनात. मी म्हटलं, मुहूर्त टळेल. त्यांनी डावा कान माझ्याकडं केला. बाहेर भटजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. दारात प्रणालीच्या बांगड्या वाजल्या. मग माझं डोकं फिरलं. भाड्याचं भांडं-बिंडं सगळं विसरले मी.

“ए मुरल्या,” मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हटलं, “ऊठ आधी. पोरगी दारात उभी राहिली आणि तू पेटी धरून बसलास? लाज वाटते का काही? आईनं हेच शिकवलं का तुला?”

त्यांनी वर बघितलं.

“कुणाच्या आईनं?”

“आपल्या,” मी म्हटलं. “आणखी कुणाच्या?”

ते थोडा वेळ पेटीच्या कडीशी खेळत बसले. मग म्हणाले, “उंची कमी म्हणून परत पाठवतीस होय गं?”

“हो. तेवढंच मोजता आलं. आता सफारी घाल आणि वर फेटा बांध, म्हणजे दिसशील उंच. आणि शेंबूड पूस.”

त्यांनी सफारी घातली. फेटा मी बांधला, चांगला करकचून. प्रणालीनं त्यांचा हात धरला आणि दोघं निघाले. ती सरळ खाली बघत चालली, ना समईला लागली ना शालूत अडकली. पाटापाशी अंगठा थांबला, ती थांबली. मी मागनं चालत होते. विहीणबाईंनी मामाला बघितलं आणि मान फिरवली.

मग भटजींनी पुकारलं, मुलाच्या मामांनी मुलाच्या पाठीशी यावं.

कोणी आलं नाही. दोन-तीनदा पुकारलं. दाराशी खुर्ची होती, खुर्चीवर गुलाबी फेटा होता, उत्तमराव नव्हते. घोरपड्यांची माणसं सगळ्या खोल्या, भटारखाना, मागची बोळ बघून आली. शेवटी कार्यालयाच्या वॉचमननं सांगितलं.

कंपनीचा माणूस लवकर आला होता, कारण त्याला पुढं लोणंदला एक सासरे उचलायचे होते. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, मामा, साठीच्या आसपासचा, रुसलेला. माझी पहिली तक्रार त्यांनी बंद केली खरी, पण कागदावरनं काढली नव्हती. त्यानं वॉचमनला विचारलं, रुसलेले मामा कोणते? वॉचमननं खुर्ची दाखवली. रुसलेला माल उचलताना हात जोडायचे, पाणी द्यायचं आणि प्रवास कसा आवडेल ते विचारायचं, असा कंपनीचा नियम आहे. त्या माणसानं तसं केलं. सकाळपासून उत्तमरावांपुढं हात जोडणारा तो पहिलाच. वॉचमन म्हणाला, साहेबांचे डोळे भरून आले. ते आपणहून त्यानं आणलेल्या खोक्यात बसले. पाय जरा दुमडावे लागले.

विहीणबाईंनी कंपनीला फोन लावला. गोड मुलगी म्हणाली, आम्ही फक्त नोंद असलेल्या ग्राहकाशीच बोलतो. नोंद माझी. मग मी सगळ्यांसमोर फोन लावून आवाज मोठा ठेवला. तिनं सांगितलं, मॅडम, आपला परतावा व्यवस्थित पूर्ण झाला आहे. माल चुकीचा गेला असं आपलं म्हणणं असेल तर चौकशी लागेल. चौकशी होईपर्यंत गेलेला मामा आणि राहिलेला मामा, दोन्ही गोदामात जमा होतील. माणूस अजून फलटणच्या बाहेर पडलेला नाही, परत पाठवू का?

मी विहीणबाईंकडं बघितलं. म्हटलं, सांगा, काय म्हणू? परत बोलावला तर माझाही जाईल. मग पोरीच्या पाठीशीही कोणी नाही आणि पोराच्याही नाही. तुमच्या नियमानं अक्षता पडणार नाहीत.

त्यांनी पाटावर उभ्या असलेल्या मुलाकडं बघितलं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायला लागले होते. त्या म्हणाल्या, “राहू दे. लग्न लागू दे आधी.”

“आणि मुलाच्या पाठीशी कोण?”

त्या पुटपुटल्या. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मुरल्याचा कान असा उपयोगाचा असतो हे मला तेव्हा समजलं.

“तुमचा मामा द्या म्हणते,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “अष्टकं होईपर्यंत.”

मी दिला. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी. मध्ये कडेला भटारखान्यातला चौरंग ठेवला, त्यावर मुरलीधर उभा राहिला. एक हात प्रणालीच्या पाठीवर, एक हात नवऱ्यामुलाच्या, सुशांतच्या. चौरंगावरनं त्याला दोन्हीकडं नीट पोचत होतं. फोटोग्राफर आला तसं त्यानं तोंड थोडं डावीकडं वळवलं. अक्षता पडल्या. तेव्हा तो रडला, मोठ्यानं, अगदी सख्ख्यासारखा. भटजींना एक अष्टक थांबून म्हणावं लागलं.

मुरल्या आमच्याकडंच राहिला. पैसे परत आले आणि माणूसही राहिला, म्हणून आमचे हे थोडे दिवस कावरेबावरे झाले होते. मी म्हटलं, गप बसा, पोरीला पोर झालं की जावळ काढायला मामाची मांडी लागते, ती काय तुमची घ्यायची? आता त्याच्याशी माझं रोज भांडण होतं. भाजीत मीठ कमी पडलं तर तो माझ्यावर रुसतो, जास्त पडलं तरी रुसतो. समजूत मी अजूनही काढत नाही. मी ओरडते, मग तो उठतो.

बेबीताईंचा तासगावहून फोन आला. खोकं पोचलं म्हणाल्या. पण भाऊ चांगला दीड हात वाढला आहे आणि मिशाही आल्या आहेत, तुमच्याकडचं पाणी कसलं आहे? मी झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, हा दिसायला बरा आहे. पण ठेवणार नाही, ह्याच्यापुढं तर दिवसभर हात जोडावे लागतात. सरळ घोरपड्यांना देऊन टाका म्हटलं तर त्या म्हणाल्या, परतीचा माल लिलावाशिवाय कुणाला देता येत नाही, नियम आहे. शिवाय त्यालाच तसं जायचं नाही. त्यांनी फोन उत्तमरावांना दिला. ते म्हणाले, सकाळभर खुर्चीवर बसलो होतो, एक माणूस विचारायला आला नाही. आता घरचे बोलीत कुठवर वर जातात ते मला बघायचंय.

लिलावाच्या दिवशी विहीणबाई आमच्याकडं आल्या. दारात थांबल्या नाहीत. पदर नाकाला लावून मिरचीच्या पोत्यांमधून आत आल्या आणि माझ्या शेजारी पाटावर बसल्या. त्यांना लिलावातलं काही कळत नव्हतं. प्रणालीनं त्यांना सांगितलं होतं, आईकडं जा, आईला येतं. माझ्या लेकीचा सासरी शब्द चालायला लागला आहे, हे मला तेव्हा कळलं. मी डंका बंद केला आणि मोबाईल मध्ये ठेवला.

अकलूजची कोणीतरी बाई आधीच बोली लावून बसली होती. विहीणबाईंचं बोट लगेच मोबाईलकडं निघालं. मी त्यांना सांगितलं, घाई करू नका, आधी खालचं वाचा, फसवणूक होते. बेबीताईंनी लिहिलं होतं: मामा, उंच. मिशा आहेत. आवाज मोठा. जेवणाला नावं ठेवतो. सारखी समजूत काढावी लागते. झोपेत लाथा मारतो. बहिणीची आठवण काढतो, पण तिच्यासमोर कबूल करत नाही.

विहीणबाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. नाकावरचा पदर काढला. मिरचीचा खाट होताच, डोळ्यांतून पाणी आलं.

“सगळं खरं लिहिलंय बाईनं,” त्या म्हणाल्या.

“मग घ्या,” मी म्हटलं. “लिहिल्याप्रमाणे माल हल्ली मिळत नाही.”

त्यांनी बोट ठेवलं. अकलूजच्या बाईनं लगेच वर नेलं. विहीणबाईंनी पदर कमरेला खोचला आणि पुन्हा बोट ठेवलं.